दुसऱ्या पाण्याची कॉफी

मंगळवारी सकाळी पावणेसातला जलजाने शेषगिरींच्या पुढ्यात कॉफीचा पेला ठेवला आणि ती आत न जाता तिथेच उभी राहिली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण असं कधी झालं नव्हतं. पेला ठेवायचा, वळायचं आणि आत जायचं, हा तिचा शिरस्ता. आज ती पदराला हात पुसत दाराशी थांबली आणि म्हणाली, "काल तुम्ही पेपर टेबलावर आपटलात ना, तेव्हा मी घाबरले." आवाजात तक्रार नव्हती, रडं नव्हतं. दूध फाटलंय हे सांगावं तसं तिने सांगितलं, क्षणभर उत्तराची वाट पाहिली आणि मग आत गेली.  पेपर आपण आपटला होता की नुसता ठेवला होता, हे शेषगिरींना आठवेना. त्यांनी पेला उचलून एक घोट घेतला, आणि खरा धक्का त्यांना तेव्हा बसला. कॉफी आजही दाट होती. पहिल्या पाण्याची, कडक, वर जाड फेस आलेली. घाबरलेल्या बायकोने अशी कॉफी करायला नको होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

हे नीट सांगायला हवं, कारण शेषगिरींनी ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हैसुरातल्या बहुतेक घरांसारखं त्यांच्याही घरी पितळेचं दुमजली फिल्टर होतं. वरच्या भांड्यात पावडर दाबून बसवायची, तीवर उकळतं पाणी ओतायचं आणि खाली थेंब थेंब साचतो तो काळा अर्क दुधात घालायचा. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतलं की जे खाली येतं त्याला रंग असतो, जीव नसतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी जलजाच्या चुलतबहिणीचं लग्न होतं आणि शेषगिरी तिला म्हणाले होते, "आता नको, रजा नाही." ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यात पाणचट, कळाहीन कॉफी आली. शेषगिरींनी ती निमूटपणे प्यायली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: ही रागावली आहे. तोंडाने आदळआपट करणाऱ्या बायकांपैकी ही नव्हे, ही पेल्यातून बोलते. चार दिवसांनी कॉफी पुन्हा दाट झाली, म्हणजे राग गेला. मधले चार दिवस शेषगिरींनी समजूतदारपणे तिच्या वाट्याला जायचं टाळलं, म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरली. तेव्हापासून हा त्यांचा नियमच झाला. कॉफी पातळ आली की ते गप्प होत आणि दाट येईपर्यंत गप्पच राहत. कधी दोन दिवस, कधी पाच, एकदा तर अकरा. पुरुषाने यापेक्षा आणखी किती सभ्य असावं? लोकांना ते अभिमानाने सांगत, "आमच्या घरात आजवर भांडण म्हणून झालेलं नाही." आणि ते खरंही होतं.

शिवाय नजर हाच त्यांचा धंदा होता. रेशमाच्या गिरणीत एकतीस वर्षं ते कापड तपासनीस होते. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून साडी सरकत जायची आणि शेषगिरी नुसत्या अंगठ्याच्या स्पर्शाने सांगायचे की इथे एक धागा तुटलाय, इथे जरीचा ताण कमी पडलाय, इथे मागावरचा माणूस उठून पाणी प्यायला गेला होता. दोष सापडला की तिथे लाल दोऱ्याची बारीक गाठ. गिरणीत त्यांना मागून लोक काय काय म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या हाताखालून सुटलेली साडी कधी परत आली नाही. अशा माणसाला बायकोच्या मनातलं ओळखायला बोलणं कशाला लागतं? निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी अंगठा अजून शिवशिवायचा. बसल्या बसल्या ते सोफ्याच्या खोळीची शिवण चाचपत.

ही सगळी भानगड सुरू झाली ती जलजाच्या त्या वर्गापासून. उगादीचा पाडवा झाल्यावर ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला वाचनालयामागच्या सभागृहात जायला लागली. शेषगिरींना वाटलं, भजनाचा वर्ग असेल. मग एक दिवस फ्रिजवर एक रंगीत कागद चिकटलेला दिसला. एक मोठं चाक, त्याला आरे, आणि प्रत्येक खणात कन्नडमध्ये एकेक शब्द: चीड, खंत, हुरहुर, संकोच, असूया, दिलासा. पन्नास तरी असतील. शेषगिरींनी चष्मा वर करून सगळे वाचले. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "भावनांचं चाक," जलजा म्हणाली. "आमच्या वर्गातल्या वसुधा मॅडम म्हणतात, आपल्याला काय होतंय त्याला नाव देता आलं पाहिजे. आपल्याला चार-पाचच नावं येतात, आणि मग सगळ्यालाच आपण राग म्हणतो." शेषगिरींनी पुन्हा चाकाकडे पाहिलं. "यात भूक कुठे आहे?" ती हसली. "अहो, ती भावना नाही." हसली ते त्यांना आवडलं, पण ती इतक्या सहज का हसली, हे त्यांनी दिवसभर मनात घोळवलं.

मग ती त्यांचंच बोलणं त्यांना परत सांगायला लागली. जेवताना ते म्हणाले, "सारात मीठ जास्त झालंय." तर म्हणते, "म्हणजे तुम्हाला सार खारट लागलं." "लागलं काय, आहेच खारट!" "बरं. सांगितलंत ते बरं केलंत." शेषगिरींचा घास हातातच राहिला. कुणी तरी आपल्या जबानीची नोंद घेतंय असं त्यांना वाटलं. भांडी लावताना, पेला देताना, ती आता मधूनच "थँक्यू" म्हणायची. एकदा त्यांनी पंखा बंद केला तर म्हणाली, "थँक्यू, मला थंडी वाजत होती." छत्तीस वर्षं थंडी वाजली तर ती उठून स्वतः पंखा बंद करायची! आणि या सगळ्या काळात कॉफी मात्र रोज दाट. रोज. एक दिवस म्हणून पातळ नाही. ती "मला वाईट वाटलं" म्हणायची आणि दाट कॉफी द्यायची, "मला राग आला होता" म्हणायची आणि दाट कॉफी द्यायची. तोंड एक सांगतंय आणि पेला दुसरंच. यातलं एक खोटं असलंच पाहिजे. आणि शेषगिरींचा छत्तीस वर्षांचा विश्वास पेल्यावर होता. त्यांनी असा हिशोब मांडला की रागच उरला नसेल तर कॉफी पातळ कशाला करायची? राग माणूस कुणावर करतो? ज्याच्यासोबत राहायचं असतं, त्याच्यावर. जिने निघून जायचं ठरवलंय ती सगळ्यांशी गोडच वागते. भाड्याच्या घरातून निघताना माणूस शेवटच्या महिन्यात घरमालकाशी किती नीट बोलतो!

बागेतल्या बाकावर नागभूषण भेटला तेव्हा त्यांनी विषय आडवळणाने काढला. नागभूषण पोस्टातून निवृत्त झालेला, दुसऱ्यांच्या पत्रांवर आयुष्य काढलेला माणूस. "बायको थँक्यू म्हणते?" त्याने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं. "शेषगिरी, तुझी धडगत नाही बघ. माझी बायको मला थँक्यू म्हणाली ना, तर मी आधी डॉक्टरकडे जाऊन विचारीन, माझे किती दिवस राहिलेत म्हणून." आणि तो स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. शेषगिरीही हसले. पण घरी येताना त्यांनी मनातल्या मनात मार्चमधल्या रक्ताच्या तपासणीचे आकडे पुन्हा आठवून पाहिले. सगळं ठीक होतं. म्हणजे हे नाही. मग तेच, निघून जाणं.

गुरुवारी स्फूर्तीचा फोन आला. मुलगी बंगळुरात असते, तिच्या घरात एक खोली रिकामी आहे, हे शेषगिरींना माहीत होतं आणि त्या खोलीबद्दल ते अलीकडे वरचेवर विचार करत होते. "अप्पा, अम्मा बोलली का तुमच्याशी?" स्फूर्तीने विचारलं. "रोजच बोलते. आता तर फारच बोलते." "तसं नाही हो. काही खास?" "खास म्हणजे?"  "काही नाही. बोलेल ती. तिला बोलू द्या, मध्ये तोडू नका. आणि अप्पा, समजा अम्मा थोडे दिवस माझ्याकडे आली, तर तुमच्या जेवणाचं काय करायचं?" शेषगिरी म्हणाले, "मला भात लावता येतो." ते त्यांना येत नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांच्या छातीत काही तरी हललं. फ्रिजवरच्या चाकात त्याला नाव असणार, पण ते शोधायला उठायची त्यांना भीती वाटली. या वयात ही जाईल? आणि आपण सकाळी उठून कुणाच्या पेल्याकडे बघायचं? संशय घेणं सोपं होतं, हा प्रश्न मात्र नुसता समोर येऊन बसला आणि हलेना.

शुक्रवारी जलजा घाईत निघाली आणि तिची वही जेवणाच्या टेबलावरच राहिली. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या मुलीची असावी तशी. शेषगिरींनी आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्याची वही उघडू नये हे त्यांना कळत होतं. साडी उलगडल्याशिवाय दोष दिसत नाही, हेही कळत होतं. त्यांनी उभ्या उभ्याच ती उघडली. पहिली पानं वर्गातली: "तू नेहमी असं करतोस असं म्हणू नये. तू असं केलंस तेव्हा मला असं वाटलं, असं म्हणावं." "समोरच्याच्या मनातलं आपल्याला कळलं असं धरून चालू नये. विचारावं." शेषगिरींनी नाक मुरडलं आणि पान उलटलं. पुढे जलजाचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर खाली खाली गेलं होतं. वर मथळा होता, "ते गप्प." आणि खाली यादी. "सत्त्याऐंशी, संक्रांतीनंतर. चार दिवस. मी काय केलं?" "नव्वद, स्फूर्तीला गोवर आला तेव्हा. तीन दिवस. मी काय केलं?" "अठ्ठ्याण्णव, घराला रंग दिला त्या महिन्यात. अकरा दिवस. मी काय केलं? बाहेरच्या खोलीत जाऊन दोनदा विचारायचं ठरवलं. धीर झाला नाही." असं पानच्या पान. पस्तीस वर्षं, सण, आजारपणं, पाहुणे, आणि प्रत्येक ओळीत तेच तीन शब्द.

शेषगिरी खुर्चीवर बसले. पहिल्यांदा त्यांना वाटलं ते हेच, की हा दावा आहे. तारखांसकट तयार केलेला. वकिलाकडे असंच न्यायचं असतं. त्या वसुधा मॅडमनेच सांगितलं असणार, लिहून काढा म्हणून! आणि मग त्यांना खरा राग आला, चाकातल्या पन्नास शब्दांपैकी जो त्यांना चांगला येत होता तोच. मी गप्प होतो? मी? रागावलेली तू असायचीस! सत्त्याऐंशीत सलग चार दिवस पाणचट कॉफी कुणी दिली? गोवराच्या वेळी? अठ्ठ्याण्णवमध्ये अकरा दिवस पेल्यात नुसतं कोमट, तपकिरी पाणी येत होतं, आणि ब्र न काढता ते पिऊन कामावर कोण जात होतं? मी तुझा राग निवायची वाट पाहत बसलो आणि तू त्याचा गुन्हा करून वहीत लिहिलास. त्यांचा अंगठा ओळींवरून फिरत होता, लाल गाठ कुठे मारायची ते शोधत. पान संपत आलं तिथे एक ओळ नुसती सोडलेली होती. पुढे दिवसांची संख्या नाही, प्रश्न नाही. फक्त, "त्र्याण्णव."

त्र्याण्णव मिटलेलं होतं. शेषगिरी हे स्वतःशी मोठ्याने म्हणाले. दसऱ्याचे दिवस होते, घरोघर बाहुल्या मांडलेल्या, रात्री राजवाड्यावर दिवे लागत, आणि गिरणीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जलजा दुसऱ्या बाळंतपणासाठी तिपटूरला माहेरी गेली होती. तार गिरणीतच आली. मुलगा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी गेला होता. पर्यवेक्षकाने तार वाचून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा, शेषगिरी, आत्ताच्या आत्ता जा." हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं की रजा मिळाली नाही. रजा मिळत होती. तेच म्हणाले, "एवढा लॉट संपवून जातो." तो संपला तर म्हणाले, "एवढा एक आणखी." तीन दिवस ते काचेच्या टेबलाशी उभे होते आणि त्यांच्या अंगठ्याखालून लाल, हिरव्या, मोरपंखी साड्या जात होत्या. जलजासमोर जाऊन उभं राहायचं, तिच्या तोंडाकडे पाहायचं, आणि तिथे काय दिसेल याची त्यांना इतकी भीती वाटत होती की त्या तीन दिवसांत त्यांनी एकही दोष सोडला नाही. चौथ्या दिवशी ते तिपटूरला पोहोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. ते म्हणाले, "गाडी चुकली." ती वळली नाही. सासऱ्यांनी, अण्णांनी, त्यांना हात धुवायला पाणी दिलं. दीड महिन्याने ती म्हैसूरला परत आली, आणि त्या रात्रभर शेषगिरींनी सकाळच्या पेल्याची वाट पाहिली. आजन्म पातळ कॉफी मिळाली असती तरी ते तक्रार करणार नव्हते. पण सकाळी पेला आला तो दाट. पहिल्या पाण्याचा, काठोकाठ फेसाचा. तो हातात धरून ते अंगणात गेले आणि पेरूच्या झाडाखाली उभे राहून ढसाढसा रडले. तिने क्षमा केली होती. एक शब्द न बोलता. मग आपण कोण, मिटलेलं उकरून काढणारे? त्या एका पेल्यावर ते एकोणतीस वर्षं जगले होते.

दार वाजलं तेव्हा वही त्यांच्या मांडीवर उघडीच होती. लपवायचं त्यांना सुचलंही नाही. जलजा आत आली, तिने वहीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. खांद्यावरची पिशवी तिने सावकाश खुंटीला अडकवली. "वाचलीत," ती म्हणाली. "कुठल्या वकिलाला दाखवणार आहेस?" शेषगिरींनी विचारलं. तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिचा चेहरा असा झाला की त्यांना शब्द मागे घ्यावेसे वाटले, पण तोवर पुढचे बाहेर पडले होते. "पस्तीस वर्षांची यादी केलीस. मी गप्प, मी गप्प! रागावलेली तू असायचीस. तुझा राग जाईपर्यंत मी वाट पाहायचो. आणि वर मलाच विचारतेस, मी काय केलं?"

"मी?" जलजा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "मी कधी रागावलेली होते?"

"संक्रांतीला. गोवराच्या वेळी. रंगाच्या वेळी अकरा दिवस."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला कळत नाही का? कॉफी यायची ना दुसऱ्या पाण्याची!"

हे वाक्य छत्तीस वर्षांत पहिल्यांदा घरातल्या हवेत आलं, आणि बाहेर पडल्याबरोबर शेषगिरींच्याच कानांना ते विचित्र लागलं. जलजा त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती खाली बसली. शेषगिरींनी सवयीने तिच्या हातांकडे, कपाळाकडे, ओठांकडे पाहून काही हाती लागतं का ते पाहिलं. काही लागलं नाही.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "पावडर कधी जाड दळलेली यायची. त्या फिल्टरची भोकं झिजली होती, पाणी धडाधडा खाली जायचं. गोवराच्या वेळी मला उभं राहवत नव्हतं. रंगाच्या वेळी रंगाऱ्यांना चारदा कॉफी लागायची, तुमच्यासाठी उरेल ते उरेल." तिने कपाळ चोळलं. "आणि तुम्ही गप्प झालात की माझे हात चालायचे नाहीत. आता काय चुकलं, या विचाराने पाणी नीट उकळायच्या आधीच ओतायची. मग ती आणखीनच पातळ व्हायची."

शेषगिरींना ते कळायला वेळ लागला. पातळ कॉफी, म्हणून आपण गप्प. आपण गप्प, म्हणून हिचा धीर सुटलेला. धीर सुटलेला, म्हणून कॉफी पातळ. अकरा दिवस. "पण मग आता?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. "आता रोज दाट असते ती?"

"स्फूर्तीने नवं फिल्टर पाठवलंय. पाडव्याला. ओट्यावरच तर असतं."

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. ओट्यावर स्टीलचं नवंकोरं फिल्टर होतं. तीन महिने ते तिथे होतं, आणि एक धागा तुटलेला अंगठ्याने ओळखणाऱ्या माणसाने ते पाहिलं नव्हतं, कारण कॉफी बाहेर येत असे आणि आत जायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं. फिल्टरशेजारी दोन पेले पालथे घातले होते. "तू कुठली कॉफी पितेस?" त्यांनी दारातूनच विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "दुसऱ्या पाण्याची," जलजा म्हणाली. "पहिलं तुमचं. पहिल्यापासून तसंच आहे." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. वर्गात शिकलेलं वाक्यही हे नव्हतं.

मग त्यांनी विचारू नये ते विचारलं. न विचारता राहणं आता त्यांना शक्यच नव्हतं. "आणि त्र्याण्णवची?" ते म्हणाले. "तू तिपटूरहून आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीची. ती दाट होती. पहिल्या पाण्याची. ती तर तू..." जलजाने मान वर केली. बराच वेळ ती आठवत राहिली आणि शेषगिरी दाराची चौकट धरून उभे राहिले. ती शोधत होती, प्रामाणिकपणे शोधत होती, आणि तिने ते कधीच शोधू नये असं त्यांना वाटत होतं. "ती मी नाही केली," ती म्हणाली. "बाळंतिणीने तीन महिने पाण्यात हात घालायचा नाही, हा तुमच्या आईचा दंडक. बाळ नव्हतं तरी बाळंतीण होतेच ना मी. त्यांनी मला संक्रांतीपर्यंत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. तेव्हा अत्ते आपल्याकडेच होत्या, कॉफी त्याच करायच्या." मग तिच्या लक्षात आलं. "का हो? त्या दिवशी काय होतं कॉफीत?"

शेषगिरींना सांगता आलं असतं की काही नाही. गाडी चुकली, हे जसं सांगितलं होतं तसंच. त्यांनी फ्रिजवरच्या चाकाकडे पाहिलं, एवढ्या लांबून अक्षरं दिसत नव्हती. "मला वाटलं, तू मला माफ केलंस," ते म्हणाले. जलजाने हात तोंडावर ठेवला. "मला रजा मिळत होती," ते म्हणाले. आता थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, हे त्यांना कळत होतं. "साहेब जा म्हणत होते. गाडी चुकली नव्हती. मी भ्यालो होतो. तुझ्या तोंडाकडे बघायला भ्यालो होतो."  बाहेर रस्त्यावर जाईची माळ विकणारी बाई मोठ्याने हाळी देत गेली. "मला माहीत होतं," जलजा म्हणाली. "अण्णांनी स्टेशनावर चौकशी केली होती. गाडी रोज होती." तिचे डोळे कोरडे होते. "मी ठरवलं होतं, तुम्हाला हे विचारायचं. आणि विचारल्यावर तुम्ही पुन्हा गप्प झालात, तर स्फूर्तीकडे जायचं. कायमचं." म्हणजे संशय खोटा नव्हता. शेषगिरींना कुठे तरी, अगदी आत, नजर चुकली नव्हती याचं हलकंसं समाधान वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. दोन्हीला नावं होती, आणि दोन्ही त्यांना माहीत होती. ती जाणार की राहणार, हे मात्र तिने सांगितलं नाही. दिवेलागणीला ती उठली, तिने देवापुढे दिवा लावला आणि भात टाकला. दोघं जेवली. सार खारट नव्हतं, आणि तसं ते म्हणालेही.

शनिवारी सकाळी शेषगिरी तिच्या आधी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पावडर किती घ्यायची हे माहीत नव्हतं, म्हणून जास्त घेतली. पाणी नीट उकळेपर्यंत थांबले. थेंब पडायला फार वेळ लागतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पहिल्या पाण्याचा पेला त्यांनी तिच्यापुढे ठेवला आणि दुसऱ्या पाण्याचा स्वतः घेतला. ती एक घोट प्यायली आणि शेषगिरींची नजर आपसूक तिच्या चेहऱ्यावर जाऊन बसली. भुवई, नाकाचा शेंडा, ओठांचा कोपरा, कुठे ताण, कुठे सैल. आपण पुन्हा तेच करतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी नजर काढून घेतली आणि विचारलं, "कशी झालीय?"

"कडू. पावडर फार घातलीत."

"बरं," ते म्हणाले. आपल्या पेल्यातलं ते पाणचट, कळाहीन पेय त्यांनी गिळलं. छत्तीस वर्षं ही रोज हेच पीत होती. मग पेला टेबलावर ठेवून, तो आपटला जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवून, त्यांनी विचारलं, "आणि ते? तिपटूरचं. ते मिटलं का?"

 जलजाने वहीकडे पाहिलं नाही, चाकाकडेही नाही.

"नाही," ती म्हणाली.

शेषगिरी खुर्ची थोडी पुढे ओढून बसले. "मग सांग," ते म्हणाले.